उताराच्या बाजूचा माणूस

माझ्या सासऱ्यांचा या जगात एकाच गोष्टीवर पूर्ण विश्वास होता आणि ती गोष्ट म्हणजे उतार. देवावर नव्हता असं नाही. अंबाबाईला ते दर शुक्रवारी जायचे, पण अभिषेकाचं पाणी देवळातून कुठून बाहेर पडतं आणि पुढं कुठं जातं, हे एक प्रदक्षिणा घालून बघितल्याशिवाय त्यांचे हात जोडले जात नसत. माणसांवर विश्वास ठेवायलाही त्यांची हरकत नव्हती. फक्त माणूस बोलतो एक आणि करतो एक, पाण्याचं तसं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात त्यांनी उभी हयात भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर इतर मास्तर शिकवण्या घेतात, प्लॉटचे व्यवहार करतात, निदान मधुमेह तरी करून घेतात. यांनी यातलं काहीच केलं नाही. यांचा तास चालूच राहिला, त्याला वर्गाची गरज तेवढी उरली नाही. एसटीत शेजारी बसलेला, दाढी करणारा, लग्नात अक्षता वाटणारा, कुणीही विद्यार्थी म्हणून चालत असे.

त्यांची माझी ओळख झाली ती एका तांब्यामुळं. नव्वद सालाच्या पुढंमागं मी कोल्हापुरात ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवत होतो आणि आमचं घर होतं नेसरीला. मुलगी बघून झाली होती, पसंती कळवली होती, आणि आता मुलीकडची मंडळी घर बघायला येणार होती. माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, आठवडाभर आधीपासून अंगण सारवून घेतलं होतं. पाहुणे आले, पाय धुतले, आणि सोप्यात टेकायच्या आधी आव्वानं, माझ्या आईनं, पिण्याच्या पाण्याचा पितळी तांब्या पुढं केला. सासऱ्यांनी तो घेतला, दारात आले आणि सगळ्यांच्या देखत अंगणात ओतला. आमच्याकडं दारी आलेल्या पाहुण्यानं पाणी नाही घेतलं तर सोयरीक मोडली असं समजतात. ते जमिनीवर ओतणं म्हणजे पुढच्या दोन पिढ्यांचं येणंजाणं बंद. आप्पांचा हात मिशीवर गेला आणि तिथंच राहिला. सोयरीक जुळवणारे आमचे काका उभे राहिले, मग बसले, मग पुन्हा उभे राहिले. सासरे मात्र अंगणात उकिडवे बसून त्या पाण्याच्या मागं मागं सरकत होते. पाणी तुळशीला वळसा घालून, गोठ्याची कड धरून, कुठंही न थांबता घरामागच्या परड्यात उतरलं. तेव्हा ते उठले, हात झटकले आणि आप्पांना म्हणाले, "अंगणाला उतार झकास हाय. मुलगी दिली." मग त्यांनी प्यायला दुसरा तांब्या मागितला. तो त्यांना मिळाला, पण काकांनी आप्पांना बाजूला घेऊन, पाहुणे भूगोलाचे आहेत, हे समजावून सांगितल्यानंतर. आप्पांनी हे वाक्य पुढं जन्मभर वापरलं. एखाद्या जुन्या दुखण्याचं नाव घ्यावं तसा आवाज खाली आणून ते लोकांना सांगायचे की व्याही भूगोलाचे आहेत, बाकी माणूस सोन्यासारखा आहे.

मी त्यांना मामा म्हणायचो, आमच्याकडं सासऱ्यांना म्हणतात तसं. ते मला अखेरपर्यंत 'पावणं' म्हणाले. लग्नानंतर आम्ही कोल्हापुरातच बिऱ्हाड केलं, त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि ती जागाही त्यांनीच पसंत केली होती. पहिल्या खोलीला खिडकी नव्हती, नळाला पाणी नव्हतं, पण मामांनी दारात तांब्या ओतून पाहिला होता आणि निकाल आमच्या बाजूनं लागला होता.

पाऊस आला की सगळं गाव आडोसा शोधतं. मामा छत्री शोधायचे, ती बाहेर पडण्यासाठी. त्यांचं घर रंकाळ्याकडं उतरणाऱ्या एका गल्लीत होतं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, रबरी चपला घालून ते गल्लीच्या वरच्या टोकाला जाऊन उभे राहायचे आणि पत्र्यांवरून पडलेलं पाणी वाहायला लागलं की त्याच्याबरोबर निघायचे. पुढं नाही, मागं नाही, अगदी बरोबर. पाणी कुठं रेंगाळलं तर हेही रेंगाळायचे. कुणी दारात वीट आडवी टाकून पाणी शेजाऱ्याकडं वळवलं असेल तर थांबून वीट कुणाची, याची चौकशी करायचे. एकदा गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या एका गृहस्थांनी त्यांना असं गटाराकडं डोळे लावून चालताना पाहिलं आणि काही पडलंय का म्हणून विचारलं. मामा तंद्रीत होते, ते नुसतं "बघतोय" म्हणाले. गृहस्थ भले होते, तेही वाकून बघायला लागले. दोघं वाकलेले बघून तिसरा आला. थोड्या वेळात अर्धी गल्ली पावसात उभी राहून गटार धुंडाळत होती. कुणी अंगठी म्हणत होतं, कुणी किल्ल्यांचा जुडगा. मामांना वाटलं, लोकांना अखेर या विषयाची गोडी लागली. त्यांनी तिथल्या तिथं तास घ्यायला सुरुवात केली. शेवटी एकाला त्याचीच मागच्या पावसाळ्यात वाहून गेलेली चप्पल सापडली. मामांनी ती हातात उंच धरून सगळ्यांना दाखवली आणि एवढ्या वजनाची वस्तू नेमकी कुठल्या वळणावर येऊन थांबते ते समजावून सांगितलं. लोक भिजत ऐकत होते, कारण अंगठी अजून सापडायची होती.

शाळेत असताना त्यांनी मैदानावर एक ओघळ पाळला होता. पाळला हाच शब्द बरोबर आहे. पावसाच्या पाण्यानं मैदानाच्या कोपऱ्यात एक बोटभर चर पडली होती, ती त्यांनी हेडमास्तरांना बुजवू दिली नाही. दर पावसाळ्यात ते वर्गच्या वर्ग बाहेर काढून तिच्याभोवती उभा करायचे आणि पाणी आधी माती सोडवतं, मग वाहून नेतं, मग दमलं की खाली ठेवतं, हे दाखवायचे. ओघळ वाढत गेला. हेडमास्तरांनी मुरमाची गाडी मागवली तेव्हा मामांनी त्यांना सांगितलं की या शाळेत दरवर्षी न चुकता प्रगती करणारं एवढं एकच आहे, त्याला तरी बुजवू नका. खरा धोका हेडमास्तरांकडून नव्हता, फुटबॉलकडून होता. कोल्हापुरात फुटबॉलच्या आड येणारा माणूस पेठेत सुखानं राहू शकत नाही आणि हा ओघळ तर थेट कॉर्नरला आडवा येत होता. पण झालं असं की मामांच्या शाळेच्या पोरांना तो पाठ झाला. बाहेरचे संघ यायचे, त्यांचा चेंडू नेमका त्या चरीत गडगडत जायचा आणि ते तो शोधेपर्यंत इकडं गोल झालेला असायचा. मग शाळेच्या संघानंच हेडमास्तरांना अर्ज दिला की ओघळ राहू द्यावा. मामांना मात्र या विजयाचा आनंद झाला नाही. पोरांच्या बुटांमुळं ओघळाचे काठ नैसर्गिक राहिले नाहीत, असं त्यांचं मत पडलं.

माझ्या विषयाबद्दल त्यांना कीव होती. एकदा मी घरी बसून पोरांचे निबंध तपासत होतो. मामांनी एक उचलला. त्यात नदी सागराच्या ओढीनं बेभान होऊन धावत होती. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, खाली ठेवला आणि मला विचारलं की या पोराला किती गुण देणार. मी म्हटलं, चांगले देणार, भाषा छान आहे. ते म्हणाले की नदीला कसलीही ओढ नसते, उतार असतो. उद्या समुद्र तिथून हलवला तरी ती येणारच. त्यानंतर मी कित्येक दिवस वर्गात नदीची कविता शिकवताना बेभान या शब्दापाशी अडखळत होतो.

जेवणाचीही त्यातून सुटका नव्हती. भाताचा डोंगर करायचा, माथ्यावर वाटीतून रस्सा सोडायचा आणि तो कुठल्या अंगानं उतरतो ते बघत बसायचं. बरीच वर्षं असं बघितल्यावर त्यांचा असा निष्कर्ष निघाला होता की पांढरा रस्सा नुसताच वाहतो, गाळ आणतो तो तांबडा. मामी म्हणजे माझ्या सासूबाई शेजारी वाढायला उभ्या असायच्या. त्या निष्कर्ष निघेपर्यंत थांबायच्या आणि मग थंड झालेला डोंगर उचलून दुसरा गरम भात वाढायच्या.

एवढंच काय, मर्तिकालाही त्यांनी सोडलं नाही. त्यांच्या एका सहकाऱ्याचे वडील वारले, तेव्हा रक्षाविसर्जनाला आम्ही पंचगंगेच्या घाटावर गेलो होतो. माणसं खाली मान घालून उभी होती. सहकारी पाण्यात रक्षा सोडून वर आला, तशी मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला सांगितलं, काळजी करू नको, पाण्याला आज चांगली चाल आहे, उद्या इचलकरंजी आणि परवा आमच्या मळीवरनं पुढं कृष्णेला लागतील. तो माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला आणि मला कुठं तोंड लपवू असं झालं. पण बऱ्याच वर्षांनी तो मला भेटला तेव्हा म्हणाला की त्या दिवशी शंभर माणसांनी माझं सांत्वन केलं, त्यातलं सरांचं तेवढं लक्षात राहिलं. बाकीचे म्हणत होते, वडील देवाघरी गेले. नेमके कुठं गेले ते एकट्या सरांनी सांगितलं.

आता ही 'आमची मळी' काय ते सांगायला हवं, कारण मामांच्या सरळ आयुष्यात अडचण अशी ती एकच होती. मामींचं माहेर कुरुंदवाडजवळ, पंचगंगेच्या काठावर. लग्नात त्यांच्या वडिलांनी त्यांना नदीकाठचा एक तुकडा चोळी-बांगडीसाठी म्हणून दिला होता. लेकीला सासरी बांगड्या भरायलाही कुणापुढं हात पसरावा लागू नये, तिचं म्हणून काही असावं, यासाठी जुनी माणसं असा तुकडा देत. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीला तिकडं मळी म्हणतात. पूर येतो, मऊ पोयटा टाकून जातो आणि त्या पोयट्यात वांगी अशी येतात की माणूस मटण बाजूला सारेल. इतरांची मळी पुरागणिक पोसली जात होती. मामींची मात्र दरवर्षी कमी होत होती, कारण ती नदीच्या बाहेरच्या वळणावर होती. नदी वळताना बाहेरच्या काठाला धडकते, खालून माती खाते, वरची दरड अधांतरी राहते आणि एक दिवस धप्पकन पाण्यात बसते. आतल्या काठाला पाणी मंद असतं, तिथं गाळ बसतो. हे चित्र मामांनी फळ्यावर खडूनं इतक्यांदा काढलं होतं की झोपेतही त्यांची रेघ चुकली नसती. त्याच चित्रातल्या बाहेरच्या रेघेवर आपल्या बायकोची जमीन आहे, हे त्यांना लग्नाच्या बोलाचालीतच कळलं होतं आणि त्यांनी ते तिथल्या तिथं होणाऱ्या सासऱ्यांना सांगितलंही होतं. तरीही लग्न झालं, याचं श्रेय मामींना द्यावं लागेल.

मामी हरणाऱ्यातल्या नव्हत्या. दर उन्हाळ्यात त्या माहेरी जायच्या आणि काठानं वाळुंजाच्या फांद्या रोवायच्या. वाळुंजाची मुळं काठ धरून ठेवतात. फांद्यांचा भारा मामांच्या डोक्यावर असायचा. तो घेऊन चालताना ते वाटभर मामींना समजावायचे की याचा काही उपयोग नाही, नदी या मुळांच्याही खालून खाते. मामी पुढं, मामा मागं, भारा डोक्यावर आणि तास चालू. फांद्या रोवून झाल्या की त्यांना नदीचं पाणी आणून घालायचं कामही तेच करायचे, हातात बादली आणि तोंडानं तेच. पावसाळ्यात वाळुंज दरडीसकट जायचं. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा भारा.

एका वर्षी मामींच्या वडिलांनी लावलेलं रामफळाचं झाड गेलं. आम्ही दसऱ्यानंतर बघायला गेलो, तर जिथं झाड होतं तिथं हवा होती आणि खाली पाणी. मामा काठावर उभे राहून माझ्या बायकोला दाखवायला लागले की बघ, दरडीला भेग पडली की ती कशी काठाला समांतर पडते. मामी पाण्यावरची नजर काढून मामांकडं वळल्या. त्या म्हणाल्या, "सगळ्या कोल्हापुराला पाणी कुठनं जाईल ते सांगत फिरताय. माझ्या मळीच्या बाजूनं कधी बोलणार? सदानकदा नदीच्या बाजूनं." मामांनी यावर खरोखरच विचार केला. मग म्हणाले, "मी नदीच्या बाजूनं न्हाई. मी उताराच्या बाजूनं हाय." त्या दिवशी एसटीत मामी पुढच्या बाकावर आणि मामा मागच्या बाकावर बसले. जयसिंगपूर गेलं, हातकणंगले गेलं, पण दोघं बोलले नाहीत. तिकिटाचं विचारायलाही मामींनी मलाच मामांकडं जायला खुणावलं.

पलीकडच्या काठावर, आतल्या वळणाला, एका मुसलमान कुटुंबाची पिढीजात मळी होती. त्यातल्या म्हाताऱ्याला दोन्ही काठांवरची माणसं चाचा म्हणत. मामी गावची लेक, म्हणून चाचा वयानं मोठे असूनही त्यांना आक्का म्हणायचे आणि मामांना दाजी. मामींच्या मळीतून जेवढं जात होतं तेवढंच चाचांच्या मळीला मिळतंय, असं दोन्ही काठांवरच्या सगळ्यांचं मत होतं, आणि चाचांनाही ते मनातून लागलेलं होतं. म्हणून दरवर्षी भोगीला, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, मामी माहेरी आल्या की चाचा वांग्यांची पाटी घेऊन नदी ओलांडून यायचे, गूळ आटवायच्या मोठ्या लोखंडी काहिलीत बसून; तिकडं नाव नसली की काहीलच पाण्यात सोडतात. भोगीच्या भाजीला वांगी लागतातच. पाटी मामींपुढं ठेवून ते म्हणायचे की आक्का, तुमच्याच मातीतली आहेत. आणि दरवर्षी मामा ते दुरुस्त करायचे. काठाची माती अशी आडवी पलीकडं जात नाही. ती याच काठानं खालच्या वळणाला जाऊन बसते, बारीक असेल तर थेट कर्नाटकात जाते. चाचांच्यात बसलेला गाळ वरून आलेला आहे, राधानगरीकडच्या डोंगरांतला. तेव्हा वांग्यांबद्दल आभार, पण ती आमची नव्हेत. चाचा मान हलवून ऐकून घ्यायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच वाक्य बोलायचे. मामी म्हणायच्या की मला चवीवरनं कळतं. मामा म्हणायचे की चवीवरनं कळत नाही, कणांवरनं कळतं, आणि देठाला लागलेली माती बोटांत चोळून दाखवायचे. एकदा तर त्यांनी मामींना खालच्या वळणावर नेऊन तुझी खरी माती दाखवतो म्हणून सांगितलं. मामी म्हणाल्या की दुसऱ्याच्या उसात माझी माती बघायला मी येत नाही.

मग दोन हजार पाचचा पावसाळा आला. धरणं भरली, पंचगंगा पात्र सोडून शेतांत आली आणि शेतं सोडून गावांत शिरली. कुरुंदवाडचे रस्ते बंद झाले, फोनही लागेना. कोल्हापुरात पूर आला की पूर बघायला जाण्याची रीतच आहे. माणसं पोराबाळांना घेऊन, कणसं खात पाणी बघतात. मामांनी आयुष्यात एकही पूर चुकवला नव्हता. या वेळीही ते रोज गेले. पण घरी आल्यावर काही सांगेनात. पाणी किती आहे, रंग कसा आहे, ओंडके कुठल्या अंगानं चाललेत, एरवी जेवण गार होईपर्यंत चालणारं ते सगळं बंद. मामी विचारत नव्हत्या आणि ते सांगत नव्हते. एका संध्याकाळी मी त्यांना शोधत गेलो तर गर्दीपासून लांब, छत्री मिटून, ते पाण्याकडं पाठ करून उभे होते. मला ते बघवलं नाही. मी हाक न मारता परत आलो.

पूर ओसरल्यावरही मामी गेल्या नाहीत. मळीचं काय झालं हे माहेरच्या माणसांनी कळवलं होतं. बैलगाडी वळवता येणार नाही एवढी पट्टी उरली होती, बाकी पाणी. दिवाळी गेली, थंडी पडली, आणि भोगीच्या आदल्या दिवशी मामी एकदम म्हणाल्या, मला जायचंय. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं गेलो. मामी जिथं दरवर्षी उभ्या राहायच्या तिथं उभ्या राहायला गेल्या, पण तिथं जागा नव्हती. त्या मागं सरकल्या आणि तिथंच खाली बसल्या. नदी शांत होती, कुणाचं काही घेतलंय असं तिच्याकडं बघून वाटत नव्हतं. माझी बायको तोंडाला पदर लावून उभी होती. मामा काही बोलतील म्हणून मी घाबरून त्यांच्याकडं बघत होतो.

तेवढ्यात पलीकडून काहील आली. चाचा बरेच थकले होते, पाटी उतरवायला मी हात दिला. पाटी मामींपुढं ठेवून ते नेहमीसारखं म्हणाले की औंदा आमच्यात लई गाळ बसलाय, आक्का, तुमचीच माती हाय. आणि सवयीनं मामांकडं तोंड करून, दुरुस्ती ऐकायच्या तयारीनं उभे राहिले.

मामींनी पाटीकडं बघितलं नाही, चाचांकडंही नाही. त्या मामांना म्हणाल्या, "चाचा मला बरं वाटावं म्हणून सांगतोय, ते मला कळतंय. तुमी पाण्याबद्दल कधी खोटं बोलला न्हाईसा. तुमी सांगा. माझी माती हाय का ही?"

मामांनी नदीकडं वरच्या अंगाला बघितलं, खालच्या अंगाला बघितलं. खाली वाकून एक काटकी उचलली. मग मामींच्या शेजारी ओल्या मातीत उकिडवे बसले आणि चित्र काढायला लागले. नदी काढली, वळण काढलं, बाहेरचा काठ, आतला काठ. हे चित्र मी शंभर वेळा पाहिलं होतं. त्यांनी बाण काढायला घेतला आणि काटकी थोडा वेळ तशीच धरून ठेवली. मग बाहेरच्या काठापासून निघालेला बाण त्यांनी पाण्यातून सरळ आडवा पलीकडच्या काठाला नेला. म्हणाले, "बारीक पूर असला तर माती खाली जाते. एवढा मोठा आला की नदी वळण मानत न्हाई, सरळ जाते. मग ह्या काठाचं त्या काठाला बसतं. व्हय, तुझीच हाय."

चाचा तोंडाचा आ करून ऐकत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं बरोबर आलं होतं. मामी बराच वेळ त्या चित्राकडं बघत राहिल्या. मग त्यांनी पाटीतलं एक वांगं उचललं, देठ दाबून पाहिला, आणि चाचांना विचारलं की औंदा पाणी किती पाळ्यांचं दिलंस. दोघांचं वांग्यांवर बोलणं सुरू झालं, कीड कशी, भाव कसा, बियाणं कुठलं. माझ्या बायकोनं डोळे पुसले आणि भाकरी सोडल्या. मामांनी त्या दिवशी भाताचा डोंगर केला नाही, कारण भात नव्हता, पण असता तरी केला असता असं मला वाटत नाही.

परत येताना मामी खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर पाटी. मामा त्यांच्या शेजारीच बसले होते. मामींचा डोळा लागल्यावर ते माझ्या बाकाकडं वाकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "पावणं, पूर कितीबी मोठा असू दे, माती अशी आडवी जात न्हाई. त्यो गाळ राधानगरीचा हाय." मी म्हटलं, मला ठाऊक आहे, मामा. त्यांनी एकदा झोपलेल्या मामींकडं बघितलं. मग म्हणाले, "हिला सांगू नका." आणि सरळ बसून पुढं रस्त्याकडं बघायला लागले. तेव्हा मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली, आणि ती सांगता न आल्यामुळं मी त्यांना बडीशेप विचारली.

मामा जाऊनही आता काही पावसाळे झाले. मला त्यांची आठवण येते, आणि ती पावसातच येते असं नाही. बेसिन तुंबलं तरी येते. मामी आमच्याकडं असतात. त्यांना आता नीटसं दिसत नाही. चाचांचा मुलगा भोगीला न चुकता वांग्यांची पाटी एसटीत ठेवून पाठवतो. मामी परातीत पीठ घेऊन बसलेल्या असतात; भोगीची बाजरीची भाकरी अजून त्या कुणाला करू देत नाहीत. पाटी आली की त्या वांगी एकेक करून चाचपून बघतात आणि मला हाक मारून विचारतात, "पावणं, तुमी तवा हुता न्हवं? ह्यांनी कसं काढून दावलं हुतं?" जन्मभर मराठी शिकवलेला मी माणूस, मला सरळ रेघ येत नाही. मी परातीशी बसतो, पिठात बोटानं नदी काढतो, वळण काढतो, मामींचा काठ काढतो. मग त्यांचं बोट माझ्या हातात धरतो आणि बाण सरळ पलीकडच्या काठाला नेऊन टेकवतो.